कायम चालू राहणारे एन्झाइम आणि रोजची एक गोळी

वाचकांचे प्रश्न : रक्ताचा कॅन्सर

प्रश्न : माझ्या ३८ वर्षांच्या भावाला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया निघाला आहे. डॉक्टर म्हणाले, एक एन्झाइम बिघडलंय, त्यावर गोळी आहे. एका एन्झाइमने कॅन्सर कसा होतो? मुलांनाही होईल का? (काटोल)

उत्तर : पेशीतली अनेक प्रथिने तयार झाली तरी लगेच कामाला लागत नाहीत. त्यांच्यावर फॉस्फेट बसला की ती जागी होतात, निघाला की थांबतात. हा फॉस्फेट बसवणारी एन्झाइम म्हणजे कायनेज. एबीएल हे त्यांतलेच एक. एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून फॉस्फेट घ्यायचा आणि समोरच्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवायचा, एवढेच त्याचे काम. निरोगी पेशीत ते बहुतेक वेळ बंद असते. त्याच्या एका टोकाला मेदाम्लाची छोटी शेपटी असते. ती त्याच्याच अंगातल्या खाचेत अडकते आणि एन्झाइमला मिटून ठेवते.

सीएमएलमध्ये बोन मॅरोतल्या एका मूळ पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. आखूड झालेले २२वे गुणसूत्र पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६०मध्ये दाखवले. ही अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३मध्ये ओळखले. तुकडे जुळतात तिथे बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन तयार होते. या जोडणीत एबीएलचे शेपटीवाले टोकच गळते. वर बीसीआरचा भाग असे अनेक रेणू एकत्र ओढतो, ते एकमेकांवर फॉस्फेट बसवतात आणि कायनेज कायमचे चालू होते. वाढा, विभागा, मरू नका, हा निरोप थांबतच नाही. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर जातात, पाणथरी फुगते, डाव्या बरगडीखाली जड वाटते, थोडे जेवले तरी पोट भरते.

हा बदल जन्मानंतर मॅरोतल्या एका पेशीत झालेला असतो. तो वारशाने मुलांकडे जात नाही. ही काळजी मनातून काढून टाका.

प्रश्न : इमॅटिनिब ४०० रोज चालू आहे, पण कधी कधी राहून जाते. उन्हाळ्यात गोळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या का? संत्री बंद करा असेही कुणी सांगितले. (महाल)

उत्तर : राहून जाण्याचा मुद्दा आधी, कारण तोच सर्वांत मोठा आहे. इमॅटिनिब म्हणजे सीएमएलमधले बीसीआर-एबीएल अडवणारी गोळी. ती एन्झाइम नष्ट करत नाही. एटीपी जिथे बसतो त्या खाचेत ती जाऊन बसते, म्हणून फॉस्फेट घेता येत नाही. रक्तातले तिचे प्रमाण सुमारे १८ तासांत निम्मे होते. दोन दिवस चुकले की खाचा रिकाम्या होतात आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागते. महिन्यात तीनपेक्षा जास्त गोळ्या चुकवणाऱ्यांत आजार खोलवर दबण्याची शक्यता फार घटते, हे अभ्यासातून स्पष्ट झालेले आहे.

गोळी भरपेट जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याने घ्या. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते आणि मग माणूस आपसूक टाळाटाळ करतो. गिळता येत नसेल तर ४०० मिलिग्रॅमची गोळी २०० मिलिलिटर पाण्यात ढवळून विरघळली की लगेच प्या. विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीच नको. डोळ्यांभोवती सूज आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येणे नेहमीचे आहे. त्यासाठी गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा.

फ्रिजची गरज नाही. पारा ४५च्या वर जातो तेव्हा गोळ्या गाडीच्या डिक्कीत किंवा गॅसजवळच्या फळीवर मात्र ठेवू नका. पत्र्याच्या घरात आतल्या खोलीतले, जमिनीलगतचे कपाट बरे. गोळी घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा.

नागपुरी संत्री खुशाल खा. पथ्य आहे ते ग्रेपफ्रूटचे आणि त्याच्या नात्यातल्या पपनसाचे. त्यांतली फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये आतड्यातल्या सीवायपी३ए४ या औषध तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि गोळीचे प्रमाण वाढते. आपले संत्रे मँडरिन गटातले, त्यात ही द्रव्ये नगण्य. खरा धोका उलट बाजूने आहे : टीबीचे रिफॅम्पिसिन आणि फिटचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन हेच एन्झाइम वाढवतात आणि गोळी निष्प्रभ होते. कुठल्याही दवाखान्यात गेलात की इमॅटिनिबचे नाव आधी सांगा.

प्रश्न : दोन वर्षे रिपोर्ट चांगला होता, आता आकडा वाढतोय. गोळ्या एकही चुकल्या नाहीत. डॉक्टरांनी म्युटेशनची तपासणी सांगितली आहे. (हिंगणा)

उत्तर : तपासणी योग्य आहे, टाळू नका. आकडा म्हणजे पीसीआर या तपासणीत रक्तात सापडणारे बीसीआर-एबीएलचे प्रमाण. म्युटेशनने, म्हणजे जनुकातल्या बदलाने, एन्झाइमच्या खाचेचा आकार बदलला की गोळी बसत नाही. सर्वांत अडचणीचा बदल टी३१५आय. एन्झाइमच्या साखळीत ३१५व्या जागी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल असते, त्याच्याशी इमॅटिनिबचा हायड्रोजन बंध जुळतो. तिथे आयसोल्युसिन हे दुसरे अमिनो आम्ल आले की बंध जातो आणि जागाही अडते. डासाटिनिब आणि निलोटिनिब या त्याच प्रकारच्या दुसऱ्या गोळ्याही इथे चालत नाहीत. पोनाटिनिब चालते. असिमिनिब तर एटीपीची खाच सोडून शेपटी अडकायची तीच जुनी खाच धरते. म्युटेशन दुसरे असेल तर डासाटिनिब किंवा निलोटिनिब पुरते. त्यातही निलोटिनिब उपाशीपोटी (आधी दोन तास, नंतर एक तास काही नाही), आणि डासाटिनिबसोबत पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी नको, ते शोषले जात नाही.

प्रश्न : वडिलांना खर्ऱ्यामुळे तोंडाचा कॅन्सर आहे. त्यांना ही गोळी चालेल का? (कामठी)

उत्तर : नाही. तिथे एकच एन्झाइम अडकलेले नसते. तंबाखूने अनेक जनुके बिघडतात, त्यांत पेशीला आवर घालणारे पी५३ बहुधा मोडलेले असते. ऑपरेशन आणि गरजेनुसार रेडिएशन हाच मुख्य मार्ग. त्यात उशीर करू नका, आणि खर्रा आजच बंद करा.

प्रश्न : पीसीआर ०.००८ टक्के आला. गोळी थांबवू का? (धरमपेठ)

उत्तर : रिपोर्टवर आकड्यापुढे ‘आयएस’ (इंटरनॅशनल स्केल, म्हणजे सर्व लॅबसाठी एकच मापपट्टी) लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी त्याची तुलना होत नाही. शक्यतो लॅब बदलू नका. उपचार सुरू केल्यापासून ३ महिन्यांनी १० टक्के, ६ महिन्यांनी १ टक्का आणि वर्षाने ०.१ टक्के किंवा त्याहून कमी, असे टप्पे असतात. तुमचा आकडा उत्तम आहे. पण एकाच रिपोर्टवर थांबवायचे नाही. किमान ३ वर्षे, अनेक डॉक्टरांच्या मते ५ वर्षे उपचार झालेले हवेत, आणि आकडा सलग २ वर्षे ०.०१च्या आत हवा. शिवाय थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर जमला पाहिजे. ते जमणार नसेल तर गोळी चालूच ठेवा. थांबवणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांत आजार डोके वर काढतो, बहुतेकदा याच सहा महिन्यांत. वेळेत सापडला तर गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो बहुतेकांत दबतो. थांबवल्यावर काहींचे सांधे आणि स्नायू काही आठवडे दुखतात. त्याचा अर्थ आजार परतला असा नाही, ते पीसीआरच सांगेल.