गॅरेज कट्टा: वाळवंटातली जीप अंगणात उभी करायचीय

प्रश्न (सांगली): दादा नमस्कार, आजोबांची लो बॉनेट जीप पडून आहे, कागदावर १९४४ फोर्ड लिहिलंय. मला ती एसएएसच्या (दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश कमांडो तुकडी) आफ्रिकेतल्या जीपसारखी करायचीय, मेकॅनिक म्हणतो पुढची जाळी कापून टाकू. कापू का?

उत्तर: थांबा हो, आधी ग्राइंडर खाली ठेवायला सांगा त्याला! पहिलं काम म्हणजे गाडी खरंच फोर्ड आहे का ते बघणं, कारण युद्धात हीच जीप विलीज आणि फोर्ड दोघंही बनवायचे. रेडिएटरच्या खाली चॅसीचा आडवा दांडा असतो, तो गोल पाइपसारखा असेल तर विलीज एमबी आणि चौकोनी, उलट्या यूसारखा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू, शिवाय फोर्डवाल्यांनी बोल्टच्या डोक्यावर सुद्धा आपला एफ मारून ठेवलाय. आपल्याकडे इतकी वर्षं ज्याला जे मिळालं ते त्याने बसवलंय, त्यामुळे चॅसी एकाची, बॉडी दुसऱ्याची आणि इंजिन तिसऱ्याचंच असंही निघतं. पण तुमची खरी निघाली तर मूळ जाळी बोल्ट काढून माळ्यावर ठेवा, तयार नवी जाळी मिळते ती आणा आणि हवी तेवढी ती कापा.

आता एसएएसवाले जाळी का कापायचे ते पण ऐका, कारण हे स्टाइल म्हणून नव्हतंच. २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, त्यावर पेट्रोल, पाणी, गोळ्या, माणसं असं सगळं लादलेलं, खाली मऊ वाळू, रेडिएटर उकळणारच. म्हणून जाळीच्या बहुतेक पट्ट्या उडवून हवेला वाट केली. आणि पुढे एक डबा लावला, कंडेन्सर. रेडिएटरच्या ओव्हरफ्लोची नळी त्या डब्यातल्या पाण्यात बुडवलेली, पाणी उकळलं की वाफ डब्यात जाऊन परत पाणी व्हायची आणि इंजिन गार झालं की तेच पाणी आपोआप मागे ओढलं जायचं. तुमच्या आजच्या कारमधली कूलंटची प्लॅस्टिकची बाटली म्हणजे तोच प्रकार! फक्त रेडिएटरची कॅप हवाबंद पाहिजे, ती लीक असेल तर पाणी परत येत नाही. मला तर रेप्लिका बघताना पहिल्यांदा हा डबाच बघायची सवय लागलीय, नुसता शोभेला वेल्ड केलेला असला, आत नळीच नसली, की मूडच जातो.

प्रश्न (पुणे): महिंद्राच्या सीजे थ्रीबी वर करता येईल का? आणि गन कशाच्या बनवू?

उत्तर: येईल की, पण बॉनेट उंच दिसणार. ते इंजिन डोक्यावर व्हॉल्व्हवालं, म्हणून उंच, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. मजेसाठी बेस्ट, युद्धातली म्हणून मिरवू नका म्हणजे झालं.

गन म्हणजे व्हिकर्स के, मूळच्या विमानातल्या, जुनी विमानं मोडीत निघाल्यावर स्टोअरमध्ये पडून होत्या त्या यांनी उचलल्या. .३०३ च्या गोळ्या, मिनिटाला ९०० च्या वर, आणि वरती चपटा गोल डबा. जोडगोळी करून लावायचे, एक जोडी पुढे शेजारच्या सीटसमोर, मागे एखादी. २६ जुलै १९४२ च्या रात्री इजिप्तमधल्या सिदी हनेशच्या धावपट्टीवर अशा १८ जीप चंद्रप्रकाशात ओळीने, अगदी सावकाश फिरवत एसएएसचा प्रमुख डेव्हिड स्टर्लिंग याच्या लोकांनी जर्मनांची उभी विमानं फोडली. तुम्ही लाकूड आणि पीव्हीसी पाइप वापरा, डब्याला केकचा टिन मस्त बसतो. पण रस्त्यावर गाडी काढताना त्या उतरवून घरी ठेवा, नाक्यावरच्या हवालदाराला व्हिकर्सचा इतिहास समजावत बसायचंय का?

आणि आरटीओचं म्हणाल तर २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरची गाडी बसते, पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. सांगलीकर, हे तुमच्यासाठी पण आहे!

प्रश्न (नाशिक): रंग गुलाबी ना?

उत्तर: नाही! गुलाबी ती एसएएसचीच, पण १९६८ ची लँड रोव्हर, ७२ गाड्या होत्या, पिंक पँथर म्हणतात ती. जीप फॅक्टरीतून हिरवट यायची, त्यावर वाळूचा रंग मारलेला. तुम्ही पण आधी हिरवा मारा, वरून वाळूचा, मग पाय लागतो, कॅन घासतो तिथे हिरवा दिसू द्या. जेरीकॅन २० लिटरचे, तीन दांड्यांचे, जर्मनांची आयडिया. इंग्रजांचे स्वतःचे पत्र्याचे डबे इतके गळायचे की शत्रूचे कॅन हाती लागले की सोडत नसत.

प्रश्न (सातारा): दादा, माझे पणजोबा सेकंड फिफ्थ मराठा पलटणीत होते, लिबियातल्या तोब्रुकला पकडले गेले. जीपवर मराठाचं चिन्ह काढलं तर चालेल का?

उत्तर: ताई, गाडी तुमची, पण मी नाही काढणार. त्यांची पलटण ११ व्या इंडियन ब्रिगेडमध्ये तोब्रुकच्या आग्नेय बाजूला होती, २० जून १९४२ ला जर्मन सेनापती रोमेलचा हल्ला नेमका तिथेच आला आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. ते खंदकातून लढणारं पायदळ, आणि एसएएसला जीप मिळाल्या त्या उन्हाळ्यात, सिदी हनेश तर महिन्याभरानंतरचं. वाळवंटात लांब मारा करणारी हिंदी तुकडी होती, इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन, पण त्यात घोडदळातले जाट, शीख, राजपूत, मुसलमान होते, मराठे नव्हते. त्यापेक्षा असं करा ना, पणजोबांचा फोटो फ्रेम करून जीपशेजारी ठेवा, खाली पलटणीचं नाव आणि तोब्रुक, जून १९४२ एवढंच लिहा. लोक विचारतील, तेव्हा खंदकाचं सांगा.