कार्ट्रिजमधला करपलेला बोळा

प्रश्न : परदेशातून परतलेल्या भावाच्या ई-सिगारेटच्या कार्ट्रिजमधला पांढरा बोळा करपला आहे, त्याऐवजी उशीतला कापूस चालेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : चालणार नाही. कार्ट्रिज म्हणजे निकोटीनच्या द्रवाची नळी; तो द्रव धरून ठेवणारा मूळ बोळा बहुधा पॉलिएस्टर तंतूंचा असतो. तो सुमारे 250 अंशांना वितळतो, आणि द्रव आटून तापलेली तार त्याला टेकली की करपट वाफ थेट फुप्फुसात जाते. उशीच्या भरणात धूळ आणि रंग असू शकतात. काचतंतूंचा तर विचारही नको. ब्लीच न केलेला स्वच्छ कापूस त्यातल्या त्यात बरा म्हणावा, पण कोरडा पडला की तोही जळतो, आणि निकोटीन काही कमी होत नाही. शिवाय 2019च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री व साठवणूक देशभर बंद आहे. तंबाखूच्या निपाणीतही हा कायदा लागू आहेच. आपल्या बंधूंना व्यसनमुक्तीसाठी 1800112356 हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक द्यावा.