फिट यावी म्हणून दाखल व्हायचं?

अपस्मारासाठी, म्हणजे फिट्सच्या आजारासाठी, इस्पितळात राहून कराव्या लागणाऱ्या व्हिडिओ ईईजीबद्दल (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख आणि सोबत कॅमेऱ्याचे चित्रण) मुंबईतल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरे मेंदूविकार विभागातील डॉक्टर, ईईजी तंत्रज्ञ आणि परिचारिका यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला (वय २४) कॉलेजपासून फिट्स येतात. दोन गोळ्या चालू आहेत, तरी महिन्यातून तीन-चार वेळा ती बोलता बोलता थांबते, ओठ चाटत बसते, हाक मारली तरी ओ देत नाही. ईईजी दोनदा झाला, दोन्ही नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात, चार-पाच दिवस दाखल करून गोळ्या कमी करू. ज्या गोळ्यांनी निदान मोठी फिट तरी थांबली, त्याच काढायच्या आणि फिटची वाट बघत बसायचे, हे मनाला पटत नाही.
एक आई, विक्रोळी

उत्तर : नेहमीचा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो आणि तेवढ्या वेळात मेंदू बहुधा शांत असतो. अपस्मार असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो, म्हणून दोन नॉर्मल रिपोर्टवरून काहीच नाकारता येत नाही. तुम्ही वर्णन केलेली फिट बऱ्याचदा कानशिलाच्या आतल्या बाजूने, टेम्पोरल लोबमधून निघते. पण 'बऱ्याचदा' एवढ्यावर पुढचा निर्णय होत नाही. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार समजतात. तिथून पुढे तिसऱ्या-चौथ्या गोळीने फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी होते. मग शस्त्रक्रियेचा विचार करायचा, तर फिट डावीकडून सुरू होते की उजवीकडून, हे कॅमेऱ्यात आणि आलेखात एकाच क्षणी दिसावे लागते. त्यासाठी फिट यावी लागते. नेहमीसारख्या तीन ते पाच फिट्स मिळाल्या तर डॉक्टर निर्धास्तपणे बोलू शकतात.

गोळ्या एका झटक्यात काढत नाहीत. साधारणपणे आधी एक औषध टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि दुसरे तसेच ठेवतात. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते, कारण ती अचानक तोडली तर त्या तोडण्यानेच जोरदार फिट येऊ शकते, आणि ती मुलीची नेहमीची फिट नसते. 'गोळ्या बंद करणार' हे ऐकून काही जण आदल्या दिवशी घरीच गोळी चुकवतात आणि फिट टॅक्सीत येते. तसे करू नका. सगळ्या गोळ्या पाकिटासकट बरोबर न्या, थायरॉइडची आणि रक्तदाबाचीसुद्धा, आणि कमी-जास्त जे करायचे ते वॉर्डातच होऊ द्या.

धोका आहे, तो लपवायचे कारण नाही. एकामागून एक फिट्स येऊ शकतात, एरवी छोटी येणारी फिट मोठी होऊ शकते, झटक्यात खांदा निखळू शकतो. म्हणून दाखल झाल्या झाल्या हाताला सलाईनची सुई लावून ठेवतात, खाटेच्या कठड्यांना गादी बांधतात, उशाशी ऑक्सिजन आणि तोंडातली लाळ ओढून घेणारे सक्शन असते. फिट पाच मिनिटांपर्यंत लांबली किंवा ठराविक संख्येपेक्षा जास्त झाल्या तर लोराझेपाम किंवा मिडाझोलाम ही फिट थांबवणारी औषधे कधी द्यायची, हे आधीच लिहून ठेवलेले असते. तो कागद दाखवा असे सांगायला संकोच करू नका. त्याहून महत्त्वाचा प्रश्न एकच : रात्री दोन वाजता पडद्यासमोर कोण बसलेले असते? काही ठिकाणी नुसते रेकॉर्डिंग होते आणि ते सकाळी पाहतात. तिथे गोळ्या फारशा कमी करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आईचे केस कमरेपर्यंत आहेत आणि त्यांना रोज तेल लागते. केस कापतील का? चार दिवस वायरी लावून जेवण, आंघोळ, संडास कसे करायचे?
एक वाचक, लालबाग

उत्तर : केस कापत नाहीत. आदल्या रात्री साध्या शाम्पूने दोनदा धुवा, पूर्ण वाळवा, आणि त्यानंतर तेलाचा थेंबही नको. कंडिशनर किंवा सीरमही नको. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड (वायरीच्या टोकाची छोटी चकती) धरत नाही आणि तंत्रज्ञाला ती जागा पुन्हा पुन्हा घासावी लागते, मग तिथेच चुरचुरते.

तंत्रज्ञ टेप घेऊन नाकाच्या वरच्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजतो, पेन्सिलने खुणा करतो, केसांचा भांग पाडून प्रत्येक खूण खरबरीत जेलने घासतो आणि तिथे इलेक्ट्रोड चिकटवतो. नेहमीचे एकवीस आणि बहुतेक वेळा कानशिलांखाली आणखी काही. छातीवर हृदयाच्या आलेखाचेही लावतात. अनेक दिवसांसाठी कोलोडियन नावाचा डिंक वापरला तर नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. तो वाळवायला हवेचा झोत सोडतात, त्याचा आवाज मोठा असतो, आईंना आधी सांगून ठेवा. मग वरून गॉझचे फेटे. सगळे मिळून तासभर तरी जातो. शेवटी प्रत्येक जागेचा विद्युतरोध मोजतात, तो पाच किलोओहमच्या आत यावा लागतो.

कपडे पुढून बटणाचे हवेत, कारण डोक्यावरून काही काढता-घालता येत नाही. काचेच्या बांगड्या घरी ठेवा. झटक्यात हात कठड्यावर आपटला की काच मनगटात घुसते. कानातलेही उतरवा. डोक्यावरून आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचे. संडासला सोबत माणूस हवा आणि कडी आतून लावायची नाही. तिथे कॅमेरा नसतो, पण मधल्या वेळेत फिट आली तर चित्र हुकते, म्हणून जाताना सांगून जायचे. कपडे बदलायचे असतील तर नर्सला सांगा. कॅमेरा आवाजासकट सगळे टिपतो, तेव्हा घरातली भांडणे त्या खोलीत काढू नका.

जेवण नेहमीचे चालते. फक्त सुपारी किंवा च्युइंगगम सतत चघळू नये. जबड्याच्या स्नायूंच्या लहरी कानशिलाच्या आलेखावर अशा काही पसरतात की खाली काय आहे ते दिसतच नाही. चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात धरला तर वीजप्रवाहाची पन्नास हर्ट्झची गुणगुण आलेखात उतरते. मुंबईच्या दमटपणात घामानेही रेषा हेलकावे खातात, त्यामुळे एसी चालू ठेवा आणि अंगावर पातळ चादर द्या. डोके खाजले तर बोट घालू नये, तंत्रज्ञाला बोलवावे.

काढताना कोलोडियन ॲसिटोनने सोडवतात, नुसती पेस्ट असेल तर ती कोमट पाण्याने निघते. त्यानंतर मात्र आईंच्या डोक्याला भरपूर खोबरेल तेल लावा आणि बारीक फणीने हळूहळू खपल्या काढा. कपाळावर इलेक्ट्रोडच्या जागी लाल वण राहिला तर तो काही दिवसांत जातो, चिघळला तर दाखवा.

प्रश्न : भावासोबत रात्री मी राहणार आहे. फिट आली तर घाबरून न जाता नेमके काय करायचे?
एक बहीण, गिरगाव

उत्तर : सोबत राहणारा माणूस हा या तपासणीचा अर्धा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

उशाशी एक बटण असते. भावाला पोटातून काही वर चढल्यासारखे वाटले, ओळखीचा वास आला, त्याची नेहमीची चाहूल लागली की त्याने स्वतःच ते दाबावे. तुम्हाला नुसती शंका आली तरी दाबा. उगाच दाबले म्हणून कोणी रागावत नाही, पण न दाबलेली फिट चोवीस तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये शोधत बसावी लागते.

बटण दाबल्यावर पहिले काम चादर ओढून बाजूला करण्याचे. दिवा लावा. मग कॅमेरा आणि भाऊ यांच्यामध्ये उभ्या राहू नका. नातेवाईक धावत येऊन चेहऱ्यावर वाकतात, कोणी कांदा हुंगवते, कोणी चप्पल, आणि पहिली दहा-पंधरा सेकंदे पाठ दिसते. सगळी मेहनत त्याच सेकंदांसाठी असते. कांदा-चपलेने फिट थांबत नाही. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी तर अजिबात नको.

मग बोलायला लागा, मोठ्याने, घरात बोलता तसे मराठीत. "दादा, तुझं नाव सांग." "डावा हात वर कर." पेन दाखवून "हे काय आहे?" एक शब्द द्या, "आंबा लक्षात ठेव," आणि शुद्धीवर आल्यावर विचारा. नर्सही हे विचारते, पण ती मल्याळम किंवा हिंदीत विचारत असेल तर त्याने उत्तर का दिले नाही हे कळायला मार्ग नसतो. फिटनंतर काही मिनिटे शब्द सापडत नसतील तर फिट भाषेच्या बाजूची, बहुतेकांत डावीकडची, असल्याचा तो इशारा असतो. दिसेल ते माइकसाठी बोलून ठेवा : "मान उजवीकडे वळली," "डावा हात वाकडा होऊन ताठ झाला," "उजव्या हाताने शर्ट चाळवतोय." फिट संपताना तो कुठल्या हाताने नाक पुसतो हेसुद्धा पाहा. टेम्पोरल लोबच्या फिटनंतर बऱ्याचदा ज्या बाजूला उगम, त्याच बाजूच्या हाताने माणूस नाक पुसतो. रिपोर्ट लिहिणारे हे खरोखर बघतात.

सगळे अंग झटके देऊ लागले तर प्रश्नोत्तरे सोडा. नर्सला मदत करून त्याला कुशीवर वळवा, हात-पाय दाबून धरू नका. नंतर तो गोंधळलेला असतो, उठून चालू लागतो, वायरी ओढतो. अशा वेळी घट्ट पकडले की तो झटापट करतो. मार्गात उभे राहून हळू आवाजात बोलत राहिले तर लवकर निवळतो.

एक गोष्ट कोणी सहसा सांगत नाही. लागोपाठ बऱ्याच फिट्स झाल्या तर एक-दोन दिवस माणूस अगदी ठीक असतो आणि मग अचानक संशय घेऊ लागतो, झोपत नाही, भलतेसलते बोलतो. हे घरी आल्यावरही होऊ शकते. बाहेरची बाधा समजून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : चार दिवसांत एकही फिट आली नाही. पैसे पाण्यात गेले का?
एक वाचक, मुलुंड

उत्तर : सर्वस्वी नाही. रात्रीच्या झोपेत दोन फिट्सच्या मधल्या विद्युत ठिणग्या दिसल्या असतील तर त्यावरून बाजूचा अंदाज येतो. पण शस्त्रक्रियेचा प्रश्न असेल तर पुन्हा दाखल व्हावे लागेल. या वेळी तारीख विचार करून घ्या. फिट्सची डायरी पाहा. स्त्रियांमध्ये पाळीच्या आसपास त्या वाढत असतील तर तेच दिवस मागा. घरी आलेल्या फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओही सोबत न्या, वॉर्डात टिपलेली फिट 'नेहमीचीच' आहे का हे त्यावरून ठरते.

प्रश्न : बायकोच्या रिपोर्टमध्ये झटके अपस्माराचे नाहीत, मानसिक आहेत असे आले. घरातले आता म्हणतात, नाटक करते. सात वर्षांच्या गोळ्या फुकट?
एक वाचक, भांडुप

उत्तर : नाटक नाही. हे झटके ती ठरवून आणत नाही आणि तिला ते थांबवताही येत नाहीत. फरक इतकाच की झटक्याच्या वेळी मेंदूत अपस्माराची विद्युतलहर नसते. शरीर हलत असते, डोळे बहुधा मिटलेले असतात, प्रतिसाद नसतो, आणि आलेखावर मात्र जाग्या माणसाची लय चालू असते. हे घरच्यांना तुम्ही समजावण्यापेक्षा डॉक्टरांनी तो व्हिडिओ आणि आलेख शेजारी शेजारी लावून दाखवावा, अशी मागणी करा.

गोळ्या लगेच टाकून देऊ नका. काही जणांना दोन्ही प्रकारचे झटके असतात, त्यामुळे गोळ्या उतरवायच्या त्या डॉक्टरांच्या वेळापत्रकाने. टिपलेला झटका तिचा नेहमीचाच होता ना, हेही विचारा. फ्रंटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागातून निघणाऱ्या, फिट्स दिसायला चमत्कारिक असतात आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला कधी कधी काहीच कळत नाही, म्हणून केवळ 'आलेख स्वच्छ' एवढ्यावर हे निदान कोणी करू नये. निदान पक्के असेल तर उपचार मानसोपचाराचा आहे, विशेषतः कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती). न्यूरॉलॉजिस्टने हात झटकून पुढे पाठवले असे होता कामा नये, दोघांनी काही काळ एकत्र पाहावे.

प्रश्न : मेडिक्लेम मिळतो का?
एक वाचक, कुर्ला

उत्तर : अडचण इथेच येते. पॉलिसीतल्या ठराविक अपवादांपैकी चौथा सांगतो की मुख्यतः तपासणीसाठी इस्पितळात दाखल होणे भरपाईत बसत नाही, आणि व्हिडिओ ईईजी त्यात सहज अडकतो. दाखल होण्याआधीच विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागा. देखरेखीखाली औषधे कमी करायची आहेत, सलाईनवाटे औषध द्यायची तयारी ठेवावी लागते आणि हे घरी करणे धोक्याचे आहे, असे डॉक्टरांचे पत्र जोडा. तरी नकार येऊ शकतो, हे धरून चाला. पालिकेच्या केईएम, नायर, सायन या रुग्णालयांच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत खर्च खासगीपेक्षा खूपच कमी लागतो, पण प्रतीक्षा यादीचे विचारून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचे दाखल होणे बसते का, हे त्या त्या रुग्णालयातला योजनेचा आरोग्यमित्र सांगेल.

प्रश्न : डिस्चार्जनंतर कामावर कधी? बाइक?
एक वाचक, दादर

उत्तर : गोळ्या पुन्हा सुरू केल्या तरी रक्तातली पातळी जुन्या ठिकाणी यायला काही दिवस लागतात, आणि लॅमोट्रिजिन बरेच दिवस बंद राहिले असेल तर ते हळूहळूच वाढवावे लागते. डिस्चार्जच्या कागदावर कोणती गोळी, किती, कुठल्या तारखेपासून, हे स्पष्ट लिहून घ्या. निदान आठवडाभर एकट्याने लोकलने जाऊ नका, आणि दारात तर उभेच राहू नका. इस्पितळातून घरी जाताना गाडी करा. बाइकचे म्हणाल तर फिट्स चालू असताना ती चालवायची नाही. लायसन्सच्या फॉर्म १ मधल्या स्वयंघोषणेत अपस्माराचा प्रश्न थेट विचारलेला असतो, तिथे खोटे लिहिले तर अपघातानंतर ते तुमच्यावरच उलटेल.