डाळिंबात खोडकिडा जास्त घातक की सूत्रकृमी?

तुमची झाडं पिवळी पडून वाळतायत, एक शेजारी खोडकिडा, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी म्हणतो, दुसरा सूत्रकृमी म्हणतो, आणि जास्त घातक कोण ते तुम्हाला हवंय. माझी बाग सांगोल्याकडे आहे. माझं मत विचाराल तर सूत्रकृमीच.

भुंगेरा दिसतो तरी. मिशा अंगापेक्षा लांब. खरं नुकसान त्याची अळी करते, खोड आतून पोखरत जाते. बुंध्याशी ओला भुसा पडलेला दिसला की समजायचं. भोकात तार घालून अळी मारायची, शिफारशीच्या औषधात भिजवलेला बोळा आत सारून वरून चिखलानं लिंपायचं. उशीर झाला तर झाड जातं, पण बहुतेक वेळा तेवढं एकच. (टाचणीएवढी भरपूर भोकं असतील तर तो वेगळा, अगदी बारका भुंगेरा. आपल्याकडे त्याला पिन होल बोरर म्हणतात.)

सूत्रकृमी म्हणजे मुळांवर जगणारे बारीक किडे, ते जमिनीत. मुळात शिरणारं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ते आत एका जागी बसतं आणि भोवतालच्या पेशी फुगवून त्यांच्यावर जगतं, त्याचीच गाठ होते. एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि आपल्या उन्हाळी हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार. शिवाय त्या जखमांमधून मर रोगाची बुरशी आत शिरते. पाणी, खत सगळं वेळेवर देऊनही झाड दुपारी मान टाकतं, फळ बारीक राहतं.

ड्रिपरखाली वीतभर उकरा, पांढरी मुळं तिथंच असतात. पाण्यात हलवून धुवा. मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर एक गाठ ब्लेडनं चिरून भिंगाखाली धरा. आत मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसेल, ती मादी.

गाठी निघाल्या तर निंबोळी पेंड, शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा (ही उपयोगी बुरशी) आणि ओळींमध्ये झेंडू. यानं संख्या कमी होते, जमीन पूर्ण साफ होत नाही.

भुंगेराच सूत्रकृमी आणतो, असंही कानावर येईल. जपानमधल्या पाइनच्या झाडांत ते खरं आहे, तिथं सूत्रकृमी भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांत बसून झाडोझाडी जातात. पण ती जात वेगळी. आपल्या डाळिंबात ते येतात माती, वाहतं पाणी, अवजारं आणि मुख्य म्हणजे रोपांबरोबर.

शंका राहिली तर मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. आणि नवी रोपं घेताना दोन-चार पिशव्या फाडून मुळं बघा. नर्सरीवाला नको म्हणाला तर तिथून एकही रोप उचलू नका.