बारीक अंगाच्या पोरांची बॉडी का होत नाही: एक्टोमॉर्फचं लेबल, मेसचा डबा आणि मास गेनर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २१, उंची ५ फूट ९ इंच, वजन ५६, सदाशिव पेठेत रूम करून एमपीएससीची तयारी, दोन्ही वेळ मेसचा डबा, अंडी चालतात पण चिकन-मटण नाही. चार महिने जिम करून वजन जेमतेम दीड किलो वाढलं आणि तुझ्याच सोबत जिम लावलेल्या रूममेटचे दंड मात्र शर्टाच्या बाहीत मावेनात. त्यात ट्रेनरने सांगितलं की तू एक्टोमॉर्फ, म्हणजे मुळातच बारीक ठेवणीचा आहेस, तुझं हळूहळूच होणार, मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरचा) मोठा डबा घे. आणि तुला विचारायचंय की हे बॉडी टाइपचं खरं असतं का आणि डबा घ्यायचा का.

मास गेनरचा डबा घेऊ नको. का ते पुढे सांगतो, पण आधी ते एक्टोमॉर्फ तुझ्या डोक्यातून काढायला पाहिजे, नाहीतर बाकी सगळं ऐकून घेशील आणि महिनाभराने 'आपलं शरीरच तसलं' म्हणून जिम सोडशील, अशी बरीच पोरं बघितलीयेत मी.

एक्टोमॉर्फ (बारीक), मेसोमॉर्फ (पिळदार), एंडोमॉर्फ (गोलमटोल) ही नावं १९४० च्या सुमारास विल्यम शेल्डन नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणली. त्याने माणसांचे फोटो काढून शरीराची ठेवण मोजली आणि तिचा संबंध स्वभावाशी जोडायला बघितला. व्यायाम केल्यावर कोणाचे स्नायू किती वाढतात हा त्याचा विषयच नव्हता. आणि त्याने सुद्धा माणसांना तीन खोक्यांत टाकलं नव्हतं, प्रत्येकाला तिन्ही गुणांचे १ ते ७ असे आकडे दिले होते. स्वभावाचा भाग पुढे कोणी मानला नाही, नावं मात्र जिमच्या भिंतीवरच्या तक्त्यांवर राहिली. तेव्हा ट्रेनरने जे सांगितलं ते तुझ्या आजच्या दिसण्याचं वर्णन आहे, पुढे काय होणार याचं भाकीत नाही.

आता शरीराने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाहीये, पडतो, आणि बराच पडतो. मनगट बारीक, खांदे अरुंद असतील तर ते बदलत नाहीत. हात लांब असले की तेवढाच स्नायू जास्त लांबीवर पसरतो, म्हणून दोघांचे स्नायू सारखे वाढले तरी बुटक्या जाड हाडाच्या पोराचा दंड आधी डोळ्यात भरतो. आणि स्नायू वाढण्याचा वेग तर प्रत्येकाचा खरंच वेगळा असतो. २००५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ५८५ जणांनी १२ आठवडे फक्त एका हाताचा व्यायाम केला, प्रोग्रॅम सगळ्यांना एकच. काहींचा स्नायू अजिबात वाढला नाही, एखाद्याचा तर २ टक्के कमी भरला, आणि दुसऱ्या टोकाला एकाचा ५९ टक्के वाढला. बाकीचे मधे कुठेतरी. तुझा रूममेट कदाचित वरच्या बाजूचा असेल. पण तू कुठे आहेस हे तुला आज कळूच शकत नाही, कारण तू अजून पोटभर खाऊन व्यायाम केलेलाच नाहीयेस. ते कसं, ते सांगतो.

तू लिहिलंयस 'मी भरपूर खातो पण अंगाला लागत नाही'. हे वाक्य जवळपास प्रत्येक बारीक पोरगा म्हणतो. तू दिलेल्या जेवणाचा मी अंदाजे हिशोब केला. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी चार पोळ्या, एक भाजी, वाटीभर पातळ वरण आणि थोडा भात, संध्याकाळी चहासोबत क्रीमरोल नाहीतर वडापाव, रात्री परत तसाच डबा. दिवसभरात साधारण १९०० कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतंय. तुझ्या वय-उंची-वजनाला, जिम आणि दिवसभराची पायपीट धरून, वजन आहे तिथे ठेवायलाच २३०० च्या आसपास लागतात. मग अंगाला लागणार काय? दीड किलो वाढलं तेही बहुतेक सुरुवातीला व्यायामामुळे स्नायूत साठलेलं ग्लायकोजेन (साठवणीतली साखर) आणि पाणी असणार, थोडा स्नायू असेल.

पोट गच्च भरतं म्हणून आपल्याला वाटतं खूप खाल्लं. पोळी-भाताने पोट भरतंच, आणि प्रोटीन मात्र त्यात थोडं. वरून बारीक लोकांत अजून एक गोष्ट असते जी त्यांना स्वतःला दिसत नाही. १९९९ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही तर कोणाची ४ किलोच्या वर वाढली. फरक कुठे होता, तर ज्यांची कमी वाढली त्यांची दिवसभराची बारीकसारीक हालचाल आपोआप वाढली होती, उठणं, फेऱ्या मारणं, पाय हलवत बसणं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तू अभ्यासिकेत पाय हलवत बसतोस का बघ, फोनवर बोलताना खोलीत फेऱ्या मारतोस का बघ. हे मुद्दाम थांबवता येत नाही आणि थांबवायचंही नाही, फक्त तेवढं जास्त खायचं. रविवारी सिंहगड चढून येतोस असं लिहिलंयस, तो पण चढ, पण त्या दिवशी पिठलं-भाकरी झाल्यावर वर दह्याची दोन मडकी खाऊनच खाली उतर.

इथे आपल्या पुण्यातलीच एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण मास गेनर का नको याचं उत्तर त्यात आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत वर्षानुवर्षे गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इकडची बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण वजन एवढं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावर त्या मानाने चरबी टिकून असते आणि स्नायू कमी असतात. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बघायला दोघेही बारीक.

म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणारं पोरगं आतून पण 'कोरडं', म्हणजे बिनचरबीचं असेलच असं नाही. हात-पाय काड्या आणि पोटावर मात्र वळी, हे पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये तुला दिसेल. असं शरीर असताना अमेरिकन व्हिडिओ बघून 'काहीही खा, वजन वाढव, नंतर चरबी काढू' केलं की वजन वाढतं, पण आधी पोटावरच बसतं. मास गेनर हा त्याचाच महाग प्रकार आहे. डब्यामागचं लेबल वाच, बहुतेक डब्यांत पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन असतो, म्हणजे स्वस्तातलं कार्बोहायड्रेट, आणि प्रोटीन त्या मानाने कमी. ते तुला पोळी-भातातून मिळतंयच, त्याच्यासाठी हजारो रुपये कशाला घालवायचे, घरून पैसे मागवून राहतोयस तू.

मग काय करायचं. आहे त्या जेवणावर साधारण ८०० कॅलरी चढवायच्या, म्हणजे तू २७०० च्या आसपास येशील. प्रोटीनचं म्हणशील तर वजनाच्या प्रत्येक किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास पोचलं की व्यायाम करणाऱ्या बहुतेकांना पुरतं, त्याच्या वर फायदा फार वाढत नाही, फार तर २.२ पर्यंत जावं. तुझ्यासाठी ९० ग्रॅम झाले, आपण १०० पकडू.

रोज अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम प्रोटीन. म्हशीचं घेतलंस तर कॅलरी अजून जास्त, पचत असेल तर तेच घे. तीन उकडलेली अंडी, १८ ग्रॅम, रूमवर इंडक्शन आहे म्हणालास ना मग काही अडचणच नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, ७ ग्रॅम, क्रीमरोलच्या जागी नाही, क्रीमरोल खायचाच असेल तर त्याच्या जोडीला, तुला सध्या कॅलरी सोडून चालणार नाही. आणि सोयाबीनच्या वड्या, याच्याकडे पोरं नाक मुरडतात पण कोरड्या ४० ग्रॅम वड्यांत २० ग्रॅम प्रोटीन असतं आणि एवढ्या पैशात दुसरं काहीच एवढं देत नाही. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या, पाणी टाकून द्यायचं म्हणजे वास जातो, मग कांदा आणि कांदा-लसूण मसाल्यावर परतून डब्यातल्या पोळीबरोबर खायच्या. सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात हे जे फिरतं त्याला नेहमीच्या खाण्याच्या प्रमाणात काही आधार नाही, त्याने घाबरू नको.

हे सगळं मिळून ६० ग्रॅम प्रोटीन वाढलं आणि साडेआठशेच्या आत कॅलरी. डबा आहे तोच. फक्त मेसवाल्या काकूंना सांग की वरण जरा घट्ट द्या आणि दोन वाट्या द्या, वर महिन्याचे थोडे पैसे देतो म्हण, बहुतेक काकू देतात. काकू उसळ देतात त्या दिवशी दुप्पट घे. पनीर महिन्याच्या सुरुवातीला परवडतं तेव्हा खा, १०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम प्रोटीन आहे.

एकदम सगळं सुरू केलंस तर पोट बिघडेल. पहिल्या आठवड्यात दूध आणि अंडी, पुढच्या आठवड्यात बाकीचं. भूक नसेल तर पिऊन टाकायचं, दूध-केळं-शेंगदाणे मिक्सरला लावलं की प्यायला पाच मिनिटं.

पुढे पैसे उरले तर क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना जोर लावायला मदत करणारी पावडर), रोज ३ ते ५ ग्रॅम, साधं, बिनवासाचं. शाकाहारी लोकांच्या स्नायूत मुळात क्रिएटिन कमी असतं म्हणून त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रोटीनची पावडर) सोयीचं आहे, आवश्यक नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यातच, कारण तुझा अडसर तिथे कमी आहे. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असं एका दिवशी एकच स्नायू मारण्यापेक्षा आठवड्यात तीन दिवस पूर्ण शरीराचा कर, स्क्वॉट, बेंच, रो, पुलअप, खांद्याचा प्रेस, डेडलिफ्ट, एवढ्यातच ९० टक्के काम होतं. प्रत्येक स्नायूला आठवड्यात दहाएक सेट, प्रत्येक सेटमधले शेवटचे एक-दोन रेप (म्हणजे एकेक उचल) अवघड जातील इतकं वजन. वहीत लिही. मागच्या वेळेपेक्षा एक रेप जास्त किंवा थोडं वजन जास्त, हे घडत नसेल तर शरीराला स्नायू वाढवायचं कारणच उरत नाही. पेठांमधल्या तालमीत वस्ताद पोराच्या मेहनतीइतकंच त्याच्या खुराकाकडे लक्ष देतात, दूध-बदाम-तुपाचा हिशोब ठेवतात, आणि जिममध्ये मात्र कोणी तुला चार महिन्यांत काय जेवतोस हे विचारलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वेग. वजन आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाऊण-एक किलो वाढलं तर उत्तम चाललंय असं समज. यातला सगळा स्नायू नसतो, थोडी चरबी येणारच. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन कर आणि आठवड्याची सरासरी काढ, एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नको, पाण्यानेच किलोभर इकडेतिकडे होतं. दर दोन आठवड्यांनी बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोज. वजन वाढतंय, वहीतले आकडे वाढतायत आणि कंबर जवळपास तिथेच, म्हणजे बरोबर आहेस. कंबर पटापट वाढतेय तर २०० कॅलरी कमी कर. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर २०० वाढव, बाकी काही बदलू नको. रूममेटशी तुलना करायचीच असेल तर त्याचीही कंबर मोज एकदा, दंडाबरोबर ती पण वाढलीय का ते कळेल.

एवढं सगळं तीन महिने नीट करून, खरंच लिहून ठेवून, तरीही वजन हललं नाही किंवा कमी झालं, तर रक्त तपासून घे: थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व. बी-१२ तर आत्ताच केलंस तरी चालेल, आपल्याकडच्या शाकाहारी लोकांत ते खूपदा कमी निघतं आणि मग थकवा येतो, मुंग्या येतात आणि पोरं त्याला अभ्यासाचा ताण समजतात. जुलाब, पोटदुखी सारखी असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरकडे.

आणि झोप. रात्री दोनपर्यंत अभ्यास आणि सकाळी सहाला जिम हे तू लिहिलंयस ते मला सगळ्यात जास्त खटकलं. जिम संध्याकाळी पाचला कर, तसाही तेव्हा अभ्यासातून उठायचं असतंच, आणि सात तास झोप. पूर्व परीक्षेच्या आधीचा महिना-दीड महिना आठवड्यातून दोनच दिवस जा, सेट कमी कर पण वजनं तीच ठेव, तेवढ्याने कमावलेलं जात नाही. दूध-अंडी मात्र त्या महिन्यातही चालू ठेव.