इंग्लंडात पहिलं घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा

घर विकणाऱ्या एजंटने नाव सुचवलं म्हणून तोच सॉलिसिटर (घरखरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील) धरू नका. त्या ओळखीपोटी एजंटला बऱ्याचदा रेफरल फी मिळते. स्वतः तीन-चार ठिकाणांहून लेखी कोटेशन मागवा आणि त्यात सर्चेस (घराबद्दल स्थानिक कौन्सिल वगैरेंकडे केलेली चौकशी), लँड रजिस्ट्रीचा (मालकीची सरकारी नोंद) खर्च, व्हॅट धरलाय का ते बघा. स्वस्त कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘लीजहोल्डचे जादा’ (लीजहोल्ड म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर, म्हणजे लीजवर, घेतलेलं घर), ‘गिफ्टेड डिपॉझिटचे जादा’ (डिपॉझिटचे पैसे कुणी भेट दिले असतील तर) असं लिहिलेलं असतं. आईवडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर पहिल्याच फोनवर सांगा; पैसे कुठून आले हे दाखवायला त्यांची बँक स्टेटमेंट्स लागतात आणि ती गोळा करण्यात वेळ जातो.

लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही (फक्त मालमत्तेच्या व्यवहारांचं कायदेशीर काम करणारा परवानाधारक) चालतो. फक्त तो तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य यादीत, हवा.

फ्लॅट घेत असाल तर लीजहोल्डची कामं नेहमी करणाराच माणूस गाठा. लीजची ८० पेक्षा कमी वर्षं उरली असतील तर ती वाढवणं महाग जातं. ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं), सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) हेही त्याने खोदून विचारायला हवं.

डिपॉझिट पाठवण्याआधी सॉलिसिटरचा खाते क्रमांक फोनवर पडताळाच, तोही तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला तर एक पेनीही पाठवू नका.