पहिला अंक छापायला देण्याआधी

चि. संपादकबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. तुमच्या शाळेच्या वर्तमानपत्राची चार पानांची डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाहिली, सोबतचा नियमांचा कागदही वाचला. 1832 साली ज्या तारखेला ‘दर्पण’ निघालं, त्याच 6 जानेवारीला तुमचा पहिला अंक काढायचा हट्ट मला आवडला. हातात जेमतेम तीन आठवडे आहेत, म्हणून लगेच लिहायला बसलो.

नियमांच्या कागदावर तुम्ही लिहिलंय : सत्य, निष्पक्षता, निर्भीडता. भिंतीवर लावायला झकास. पण शनिवारी दुपारी अंक छापायला द्यायचाय, एका बातमीवर तुमचे दोन गट पडलेत, अशा वेळी या तीन शब्दांनी काही निकाल लागत नाही. नियम असा पाहिजे, की आठवीतल्या पोट्ट्यानं वाचला तरी त्याला कळावं, आता कोणाला विचारायचं, काय लिहायचं आणि काय गाळायचं. आणि तो बातमी यायच्या आधी ठरलेला पाहिजे. मी यवतमाळला वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो, तेव्हा ज्यांच्याबद्दल लिहायचो त्यातली बहुतेक माणसं मला पुन्हा दिसायचीही नाहीत. तुझं तसं नाही. तुझी वाचक, तुझ्या बातमीतली बाई आणि सकाळी नळावर भेटणारी काकू एकच. बातमी हातात आल्यावर नियम करायला बसलात, तर प्रत्येक नियम कोणाचा तरी चेहरा पाहून होईल.

डमीतल्या पहिल्या बातमीपासून सुरू करतो, कारण तिच्यात बरंच शिकण्यासारखं आहे. ‘खिचडीत भ्रष्टाचार!’ मथळा वाचून मी चष्मा पुसला. खाली माहिती काय? तीन दिवस खिचडी पातळ होती आणि डाळ दिसत नव्हती. तुझ्या बातमीदाराला दिसली ती पातळ खिचडी. भ्रष्टाचार त्यानं मनानं जोडला. जे दिसलं ते आधी लिहा, तारखेसकट. मग हिशेबाला बसा. शाळेच्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या एका मुलामागे रोज 150 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम डाळ ठरलेली आहे (पहिली ते पाचवीला 100 आणि 20). म्हणजे त्या दिवशी वरच्या वर्गांची हजेरी 120 असेल, तर 18 किलो तांदूळ आणि 3 किलो 600 ग्रॅम डाळ पडायला पाहिजे. आता साठा नोंदवही पाहायला माग. त्या तीन दिवशी डाळ किती काढली? चव नोंदवहीत कोणाची सही आहे? पोषण आहाराचं काम ज्या सरांकडे आहे त्यांना विचार, मुख्याध्यापकांना विचार, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला विचार. नोंदवही दाखवली नाही, तर ‘मागितली, दाखवली नाही’ एवढंच छाप. त्यावर टोमणा मारू नको.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. बातमीत नाव फक्त खिचडी शिजवणाऱ्या मावशीचं आहे. सरांचं नाही, मुख्याध्यापकांचं नाही. डाळ किती काढायची हे मावशी ठरवत नाही, तिच्या हातात मोजून देतात. डाळ संपली असेल, नवीन पुरवठा आला नसेल, कदाचित खरंच पाणी जास्त झालं असेल. तिला कोणी विचारलंच नाही! कोणावरही ठपका येत असेल तर त्याचं म्हणणं त्याच अंकात, त्याच बातमीत आलं पाहिजे, हा तुमचा पहिला लेखी नियम कर. आणि नाव छापायचं तर ज्याच्या हातात निर्णय आहे त्याचं आधी.

मावशीचं म्हणणं घेशील तेव्हा एक जप. ती म्हणेल, ‘मले जेवढी देते तेवढीच टाकतो मी.’ तेच छाप, मस्त बोलणं आहे. पण तिचं वऱ्हाडी जसंच्या तसं आणि मुख्याध्यापकांचं मात्र ‘सदर बाबीची चौकशी करण्यात येईल’ असं इस्त्री केलेलं, हे बरोबर नाही. टपरीवर चहा पिताना तेही ‘काहून रे’च म्हणतात, मी ऐकलंय. एकाच बातमीत एक माणूस अडाणी दिसावा आणि दुसरा साहेब, हा अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून तो रोज होतो.

दुसरी बातमी तिसऱ्या पानावरची. तुमच्या शाळेतल्या त्या मुलाच्या वडिलांची. तिथं मी लाल पेनानं बरंच खोडलंय, रागावू नको. वर्तमानपत्रांच्या वागण्यावर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलनं 2019 साली आत्महत्येच्या बातम्यांसाठी सूचना काढल्या, त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारलेल्या आहेत. बातमी ठळक जागी लावायची नाही, मथळा भडक करायचा नाही, कसं केलं आणि नेमकं कुठं केलं ते लिहायचं नाही, फोटो टाकायचा नाही. तुमच्या मजकुरात यातलं जवळजवळ सगळं आहे. त्यात ‘कर्जाला कंटाळून’ असंही आहे. तेही काढ. माणूस एवढ्या टोकाला जातो त्यामागे सहसा एकच कारण नसतं, आणि जे असतं ते चौदा वर्षांच्या बातमीदाराला तर सोडच, पोलिसांनाही पंचनाम्यात सापडत नाही. शिवाय आपल्याकडे शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर त्या घराला सरकारची 1 लाखाची मदत मिळायची की नाही, प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्ह्याची समिती ठरवते. तोवर पानठेल्यावर निकाल लागलेला असतो : पीत होता, घरात कटकट होती. त्यातलं एक अक्षर तुमच्या कागदावर आलं, तर त्या माउलीला ते दारोदार खोडत फिरावं लागेल. मुलगाही तुमच्याच शाळेत बसतो. अंक वाटाल तेव्हा एक प्रत त्याच्याही बाकावर पडणार आहे.

माझं मत विचारशील तर ही बातमी करूच नका. शेतीच्या अडचणीवर लिहायचं असेल तर भरपूर आहे : यंदा पऱ्हाटीला वेचणीची मजुरी किती गेली, कापूस कोणत्या भावानं सुटला, पीककर्ज कोणाला मिळालं आणि कोण सावकाराकडे गेलं. दहा वावरांत जाऊन विचारा. त्या पानावर खाली चौकट टाका : मन फार खचलं असेल तर 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहेच.

आता नववीतल्या मुलीचं लग्न थांबल्याची बातमी. तुम्हाला तिचा अभिमान वाटतो, तिलाही स्वतःचा वाटतो, ती नाव छापायला तयार आहे. तरी छापायचं नाही. वय होण्याआधी ज्या मुलीचं लग्न लावण्याचा धोका असतो, तिला 2015 चा बाल न्याय कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक मानतो, आणि त्याच्या 74 व्या कलमानं तिचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात 2012 च्या पोक्सो कायद्याचं 23 वं कलम अशीच बंदी घालतं. तू लिहिलंयस, ‘नाव बदललं आहे.’ बरं, पण पुढं ‘बाप ट्रॅक्टर चालवतो, घर मारुतीच्या देवळामागे’ असंही आहे. मग राहिलं काय?

यावरून अमेरिकेतला एक खटला सांगतो, शाळेच्या वर्तमानपत्राचाच. मिसुरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलमध्ये 1983 साली मुख्याध्यापकांनी अंकातली दोन अख्खी पानं काढून टाकली. एका लेखात शाळेतल्या गरोदर राहिलेल्या मुलींचे अनुभव होते, दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाबद्दल मुलं बोलली होती. पोरं कोर्टात गेली. 1988 साली सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 3 मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला. अख्खी पानं काढली, त्यात दुसरे निरुपद्रवी लेखही गेले, हे मला आजही पटत नाही. पण मुख्याध्यापकांचे दोन आक्षेप पाहा. एक, मुलींची नावं बदलली असली तरी मजकुरावरून त्या ओळखू येतील. दोन, घटस्फोटाच्या लेखात एका मुलीनं बापाला दोष दिला, पण बापाला कोणी विचारलंच नाही. हे दोन्ही आक्षेप खरं म्हणजे संपादकानं घ्यायचे होते. संपादकानं घेतले असते तर मुख्याध्यापकांना कात्री उचलायला कारण मिळालं नसतं.

म्हणून तुमच्या मुख्याध्यापकांशी आत्ताच बसा, अंक तयार झाल्यावर नव्हे. अंक त्यांच्या शाळेच्या नावानं निघणार, तेव्हा वाचायला मागतील, मागू द्या. पण लेखी ठरवून घ्या, की मजकूर किती दिवस आधी द्यायचा, अडवला तर कारण कागदावर द्यायचं, आणि एक बातमी अडली तर पान अडणार नाही. ‘शाळेची बदनामी’ हे कारण ते देतीलच. तेव्हा बोलण्यापेक्षा साठा नोंदवहीतला आकडा पुढे कर.

जाहिरातींचं थोडक्यात. कृषी सेवा केंद्रवाले पाव पान देतायत, घ्या, वर ‘जाहिरात’ असं ठसठशीत छापा. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तुमच्यातल्या कोणी हातमोजे आणि मास्कवर लेख लिहिला आणि दुकानदार नाराज झाला, तर लेख राहील, जाहिरात गेली तर जाईल. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फोटोही जाहिरातच, तो पहिल्या पानावरून उचल. सरपंच तुझे मामा आहेत ना? मग ग्रामपंचायतीची बातमी दुसऱ्या कोणाला दे आणि ती तू तपासूही नको. भांडणाच्या बातमीत कोणाची जात लिहायची नाही, अपवाद फक्त भांडणच जातीवरून झालं असेल तर. फोनवरून उचललेला मजकूर, मग तो कोणी का लिहिलेला असेना, तुमच्या नावानं जाऊ देऊ नको. चूक झाली तर पुढच्या अंकात त्याच पानावर, वाचता येईल एवढ्या अक्षरात दुरुस्ती, आणि त्यात ‘नजरचुकीनं’ वगैरे गुळमुळीत लिहायचं नाही. काय चुकलं होतं आणि खरं काय, बस.

लाल केलेली डमी याच पाकिटात आहे. डाळीचा आकडा मिळाला की फोन कर. मावशीशी बोलायला तू स्वतः जा, सोबत कोणी नको, आणि सगळी भांडी घासून झाल्यावर जा. महिनाअखेरपर्यंत मी घरीच आहे, नंतर तूर सोंगायला वावरात असेन, तिथं रेंज येत नाही.

तुझा,
काकाजी